पस्तीसच्या आत, पस्तीसच्या बाहेर

सोलापूरहून हैदराबादकडे निघालेली गाडी नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी अशी गावे मागे टाकत शहराजवळ येते, तेव्हा आधी पटणचेरू लागते, मग मियापूर आणि मग कुकटपल्ली. आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांचे हैदराबाद म्हणजे खरे तर एवढेच. चारमिनार नंतर, आधी केपीएचबी कॉलनी. कुणाचा मुलगा हायटेक सिटीत नोकरीला, कुणाची लेक जेएनटीयूत शिकून तिकडेच रमलेली, कुणाचे दीर बालानगरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन तिथेच स्थायिक झालेले. घरात मराठी, माहेरच्या किंवा सासरच्या माणसांशी कन्नड, दारावरच्या भाजीवाल्याशी तेलुगू. २०१७ च्या नोव्हेंबरात मियापूरपासून मेट्रो सुरू झाली आणि पाहुण्यांना शहरात फिरवण्याचा त्रासही कमी झाला.

या घरांकडे गावाहून येणाऱ्या सामानात शेंगाचटणी असते, कडक भाकरी असते आणि अलीकडे बरेचदा एक प्लॅस्टिकची फाइलही असते. तपासणीसाठी हैदराबाद गाठायचे ही आपल्या भागाची जुनी रीत. लकडी का पूलजवळचे सरकारी मेहदी नवाज जंग कॅन्सर रुग्णालय १९५५ पासून आहे, बंजारा हिल्सचे बसवतारकम रुग्णालय २००० साली सुरू झाले. बिदर, कलबुर्गी, लातूर, उस्मानाबाद, नांदेडकडच्या माणसांना मुंबईपेक्षा हे जवळ.

त्या फाइलमध्ये हल्ली एक कागद हमखास सापडतो. त्यावर 'सीए-१२५' असे लिहिलेले असते, पुढे एक आकडा, आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात '३५ पर्यंत सामान्य'. हा कागद कुटुंबात हातोहात फिरतो. ज्याला इंग्रजी येते तो वाचतो, आकडा पस्तीसच्या आत असला की सगळे सुस्कारा सोडतात, बाहेर असला की घरात चूल पेटत नाही. दोन्ही वेळा घाईच होते, असे या विषयातले जाणकार सांगतील. कशी, ते पाहू.

दोन बायका डोळ्यांसमोर आणू. दोघी काल्पनिक, पण प्रत्येक वाचकाच्या नात्यात कुणी ना कुणी अशी सापडेल. एक बसवकल्याणकडच्या अक्का, वय अठ्ठावन्न, अंगाने स्थूल, दहा वर्षांपासून मधुमेह. पाळी जाऊन सात वर्षे झाली आणि आता अचानक लुगड्याला डाग दिसू लागले. त्यांनी महिनाभर कुणाला सांगितले नाही. मग सुनेला सांगितले, सुनेने नवऱ्याला, आणि कुणीतरी सुचवले म्हणून रक्ताची 'कॅन्सरची टेस्ट' झाली. आकडा आला २१. देवाला नारळ फुटला आणि अक्का पुन्हा कामाला लागल्या.

दुसरी कुकटपल्लीतच राहणारी, छत्तीस वर्षांची, कॉम्प्युटर कंपनीत काम करणारी. पाळीत असह्य दुखते म्हणून सगळ्या तपासण्या एकदम करून घेतल्या. सीए-१२५ आले ९२. रात्रभर इंटरनेट चाळून सकाळी तिने आईला फोन लावला आणि रडू लागली.

आता गंमत अशी, आणि ही गंमत जिवावर बेतणारी आहे, की या दोघींत जिची तपासणी एक दिवसही लांबता कामा नये ती अक्का आहे. दुसरीला बहुधा एंडोमेट्रिऑसिस असेल, म्हणजे गर्भाशयाचे अस्तर भलत्या जागी वाढण्याचा आजार. तो त्रासदायक आहे, उपचार मागतो, पण तो कॅन्सर नव्हे. कागदावरचा आकडा मात्र दोघींना अगदी उलटे सांगून गेला.

हा पस्तीसचा आकडा आला कुठून?

अमेरिकेत बोस्टनला रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशींना नेमके चिकटणारे एक प्रतिद्रव्य तयार केले. त्यांच्या खटपटीत त्याचा क्रमांक होता १२५, तोच नावाला चिकटला. १९८३ साली त्यांनी ८८८ निरोगी माणसांचे रक्त तपासले. त्यांतल्या शेकडा एकाच्याच रक्तात हा पदार्थ ३५ पेक्षा जास्त होता. अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या १०१ बायकांपैकी मात्र ८३ जणींच्या रक्तात तो जास्त निघाला. झाली रेघ ओढून. म्हणजे पस्तीस हा आकडा काही शरीराने ठरवलेला नाही, माणसांनी सोयीसाठी आखलेली ती रेघ आहे. आणि ती आखली अंडाशयाच्या कॅन्सरसाठी, गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरसाठी नव्हे. गर्भाशयाच्या बाबतीत कोणता आकडा धरावा यावर आजही सर्वांचे एकमत नाही.

शिवाय हा पदार्थ काही फक्त कॅन्सरच्या पेशी बनवतात असेही नाही. पोटाच्या आतल्या पडद्याला, फुप्फुसाच्या वेष्टनाला, गर्भाशयाच्या अस्तराला कुठेही दाह झाला की तो रक्तात वाढतो. पाळी चालू असताना वाढतो, गरोदरपणात वाढतो, फायब्रॉइडच्या गाठींनी वाढतो, लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झाले तर वाढतो, हृदय थकले तरी वाढतो. आपल्या देशात आणखी एक मोठे कारण आहे, पोटाचा टीबी. त्यात पोटात पाणी होते, वजन उतरते, आणि सीए-१२५ शेकड्यांत जाते. अंडाशयाचा कॅन्सर समजून पोट उघडावे आणि आत टीबी निघावा, असे अनुभव भारतातल्या अनेक डॉक्टरांनी लिहून ठेवले आहेत. टीबीला गोळ्या पुरतात. तेव्हा मोठा आकडा पाहून कुणी थेट शस्त्रक्रियेचीच तारीख देऊ लागला तर 'टीबी तपासला का?' एवढे विचारायला हरकत नाही.

पिशवी, चील आणि संचि

आता मूळ अवयवाकडे येऊ. गर्भाशय हा पुस्तकातला शब्द झाला. आपण घरात 'पिशवी' म्हणतो. कन्नडात 'गर्भकोश' आहेच, पण बोलताना 'गर्भचील' म्हणतात, आणि चील म्हणजे पिशवीच. कुकटपल्लीच्या दवाखान्यात तेलुगू नर्स 'गर्भसंचि' म्हणेल. संचि म्हणजे पुन्हा पिशवी. तीन भाषा, तीन लिप्या, आणि अवयव मात्र सगळीकडे पिशवीच. पिशवी रिकामी झाली, तिचे काम संपले, की टाकून द्यावी, असा हिशेब या शब्दातच कुठेतरी दडला आहे की काय, अशी शंका येते.

कारण पिशवी काढण्याच्या बाबतीत आपला पट्टा कुप्रसिद्ध आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांना पहिल्यांदाच हा प्रश्न विचारला गेला. देशात शंभरांतल्या तिघींची पिशवी काढलेली निघाली, तेलंगणात जवळजवळ आठ जणींची आणि आंध्रात जवळजवळ नऊ जणींची. कलबुर्गी जिल्ह्यात लंबाणी आणि दलित बायकांच्या अशा शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१५ च्या सुमारास गाजले. बीडच्या ऊसतोड बायकांची गोष्ट २०१९ साली विधिमंडळात गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. शेवटी २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना सांगावे लागले, की अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे लागू करा.

या बायकांना काय सांगितले गेले होते? बहुतेकींनी एकच उत्तर दिले: 'ठेवली तर कॅन्सर होईल.' अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, पाळी जास्त जाते, कशालाही हेच उत्तर. म्हणजे जिला कॅन्सर नाही तिची पिशवी कॅन्सरच्या भीतीने जाते, आणि अक्कासारखी जिला खरा धोका आहे ती रक्ताच्या एका आकड्यावर निर्धास्त राहते. भीती आणि दिलासा दोन्ही चुकीच्या दारात जाऊन बसले आहेत.

तोंडाचा वेगळा, अस्तराचा वेगळा

पिशवीचा कॅन्सर असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळे आजार आहेत. एक पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा. तो विषाणूमुळे होतो, त्याला लस आहे, आणि त्याची आधीच चाचणीही करता येते. या चाचणीच्या इतिहासात आपल्याच भागाचे नाव आहे. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याला २०२३ पासून धाराशिव म्हणतात, मुंबईच्या टाटा रुग्णालयाने आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीने एक मोठा प्रयोग हाती घेतला. ५२ गावसमूहांतल्या सव्वा लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. विषाणूची एकच चाचणी केली तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हे त्यातून दिसले आणि २००९ साली ते जगापुढे आले. उमरगा-तुळजापूरकडच्या बायकांनी तपासणीच्या टेबलावर चढण्याचे धाडस केले, म्हणून आज दूरदूरच्या देशांत त्या चाचणीचा कार्यक्रम राबवला जातो. याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही.

दुसरा आजार पिशवीच्या आतल्या अस्तराचा. दर महिन्याला जे अस्तर वाढते आणि गळून पडते, त्यातच हा उगवतो. याला लस नाही. तोंडाच्या कॅन्सरची पॅप चाचणी 'चांगली' आली म्हणून हा नाही, असे मुळीच म्हणता येत नाही. आणि निरोगी बाईचे रक्त घेऊन हा आधीच ओळखावा, अशी कोणतीही चाचणी जगात सिद्ध झालेली नाही. सीए-१२५ ही तशी चाचणी नव्हे. 'बायकांच्या कॅन्सरचे पॅकेज' म्हणून कुणी ती विकत असेल तर पैसे वाचवावेत, आणि त्या पैशात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, ते जास्त उपयोगी.

का उपयोगी, तेही सांगायला हवे. अस्तराला वाढवणारे संप्रेरक म्हणजे इस्ट्रोजेन आणि त्याला लगाम घालणारे प्रोजेस्टेरॉन. पाळी गेल्यावर अंडाशय थांबते, पण अंगातली चरबी इस्ट्रोजेन बनवतच राहते. लगाम मात्र उरत नाही. म्हणून स्थूलपणा, मधुमेह, मूल नसणे, पाळी फार उशिरा जाणे, ही या आजाराची पार्श्वभूमी. तरुण मुलींत पीसीओडी असली आणि पाळी चार-चार महिने येत नसली, तर तिथेही लगामाविना वाढ चालू असते. हायटेक सिटीत बारा तास खुर्चीवर बसणाऱ्या मुलींच्या आयांनी एवढे ध्यानात ठेवावे.

एका बाबतीत मात्र हा आजार प्रामाणिक आहे: तो लवकर बोलतो. पाळी गेल्यानंतर ज्यांना हा कॅन्सर होतो त्यांतल्या शंभरांत नव्वद जणींना रक्तस्राव होतोच. उलट बाजूने, पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्या शंभर जणींत साधारण नऊ जणींना हा कॅन्सर निघतो. म्हणजे रक्त दिसले की घाबरून जाण्याचे कारण नाही, पण घरी बसण्याचेही नाही. आपल्या बायका काय म्हणतात? 'उष्णता झाली', 'पाळी परत आली बघ'. कन्नडात एकदा 'मुट्टु निंतद' म्हटले की निंतद. थांबली ती थांबली. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेला एक थेंबही पाळी नसतो. थेंब लाल असो, तपकिरी असो की नुसता गुलाबी डाग, त्याची तपासणी हवी.

तपासणी कोणती? आधी योनिमार्गातून सोनोग्राफी. पाळी गेलेल्या बाईच्या अस्तराची जाडी चार मिलिमीटर किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फारच थोडी. जास्त असेल, किंवा कमी असूनही रक्त पुन्हा पुन्हा येत असेल, तर अस्तराचा तुकडा काढून तपासायचा. त्यालाच बायोप्सी म्हणतात. बारीक नळीने हे काम दवाखान्यातही होते, बऱ्याचदा भूल लागत नाही. तुकडा काढल्याने कॅन्सर 'फुटतो' आणि पसरतो, ही समजूत या आजाराच्या बाबतीत खरी नाही आणि तिने अनेक जणींचे महिने वाया घालवले आहेत. आपल्या अक्कांच्या रक्तातला २१ हा आकडा या तुकड्याची जागा घेऊ शकत नव्हता.

आजाराची जात आणि त्याचा जोर

मग रक्तातल्या खुणांचा उपयोगच नाही का? आहे, पण नंतर. तुकड्यावरून कॅन्सर ठरल्यावर दोन प्रश्न उभे राहतात. तो कोणत्या जातीचा, आणि किती पसरला?

जातीचा प्रश्न १९८३ साली लेनिनग्राडचे डॉक्टर बोखमन यांनी सोपा करून मांडला. दोन प्रकार, ते म्हणाले. पहिला इस्ट्रोजेनवर पोसणारा, स्थूल आणि मधुमेही बायकांत जास्त दिसणारा, सावकाश चालणारा. दर पाचांतल्या चार केसेस साधारण या. दुसरा उतारवयात, सडपातळ बाईलाही होणारा, इस्ट्रोजेनशी संबंध नसलेला आणि आक्रमक. त्यातला 'सीरस' म्हणून ओळखला जाणारा प्रकार अंडाशयाच्या कॅन्सरसारखाच वागतो, पिशवी लहान असतानाच पोटात बिया टाकतो. सीए-१२५ वाढलेले दिसते ते या प्रकारात जास्त वेळा, आणि उपचारानंतर लक्ष ठेवायलाही ते इथेच जास्त कामाचे.

पसरण्याचे चार टप्पे मानतात. पिशवीपुरता असेल तो पहिला, तोंडाच्या भागात उतरला तो दुसरा, अंडाशय, नळ्या किंवा लसिका ग्रंथींपर्यंत गेला तो तिसरा, आतडे-मूत्राशय किंवा दूरच्या अवयवांत गेला तो चौथा. पहिल्या टप्प्यात सापडलेल्या दहांपैकी नऊ जणी पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात. चौथ्यात हे चित्र अगदी पालटते.

या टप्प्यांशी रक्तातल्या आकड्याचे नाते आहे, हे १९८४ पासून दिसत आले. पहिल्या टप्प्यात बहुतेकींचे सीए-१२५ सामान्यच असते. आजार पिशवीबाहेर गेला, ग्रंथींत शिरला, पोटाच्या पडद्यावर बसला की ते वाढू लागते. म्हणून कॅन्सर ठरलेल्या बाईचा आकडा शस्त्रक्रियेआधी बराच जास्त निघाला तर डॉक्टर सावध होतात: आजार वाटतो त्यापेक्षा पुढे गेला असेल, एमआरआय नीट पाहू, ग्रंथी तपासू, शस्त्रक्रिया या आजाराच्या तज्ज्ञाकडेच होऊ दे. पण आकडा कमी म्हणून पसरला नाही, असे उलट वाचता येत नाही. अशी दुसरी खूण म्हणजे एचई-४ नावाचे प्रथिन. अस्तराच्या कॅन्सरमध्ये ते सीए-१२५ पेक्षा लवकर वाढते आणि आजार पिशवीच्या स्नायूत किती खोल गेला, याच्याशी त्याचे नाते जास्त जवळचे दिसते. तेही निर्दोष नाही. वयाबरोबर ते वाढते आणि मूत्रपिंड अधू असेल तर फारच वाढते. वर्षानुवर्षे मधुमेह असलेल्या अक्कांचे एचई-४ वाढलेले निघाले, तर आधी त्यांचे क्रिएटिनिन पाहावे लागेल.

खरा जोर कळतो तो तुकड्यावरच्या खुणांवरून. 'मार्कर' हा एकच शब्द इथे दोन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो, त्याने घरोघरी गोंधळ होतो. एक रक्तातले मार्कर, त्यांचे आपण बोललो. दुसरे तुकड्यावर रंग चढवून पाहायचे: इस्ट्रोजेनचे ग्राहक आहेत का, पी-५३ बिघडले आहे का, पेशीतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिने शाबूत आहेत का. २०१३ साली अमेरिकेतल्या मोठ्या संशोधनाने अस्तराच्या कॅन्सरचे बोखमन यांच्या दोन प्रकारांऐवजी जनुकांवरून चार गट पाडले, आणि २०२३ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने टप्पे ठरवतानाही हे गट विचारात घ्यायला सुरुवात केली. पी-५३ बिघडलेल्या गटात रुग्ण थोडे, साधारण शंभरांत पंधरा. पण या आजाराने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक वाटा त्यांचा. उलट एका गटात, ज्यात पोल-ई नावाचे जनुक बदललेले असते, सूक्ष्मदर्शकाखाली आजार भयंकर दिसतो आणि रुग्ण मात्र सहसा खडखडीत बरी होते. एकीला जास्त औषध द्यावे लागते, दुसरीला कमी पुरते. रक्ताच्या आकड्यावरून हे कळण्याचा काही मार्ग नाही.

दुरुस्तीच्या चार प्रथिनांचा तपास तर अख्ख्या घराच्या कामाचा आहे. त्यांतले एखादे नाहीसे असेल तर काही वेळा, नेहमी नव्हे, ती आनुवंशिक बाब असते. तिला लिंच सिंड्रोम म्हणतात. अस्तराच्या कॅन्सरच्या शंभर जणींत साधारण तिघींत ती निघते. तशा घरात मोठ्या आतड्याचा कॅन्सरही तरुण वयात होतो, बायकांना आणि पुरुषांनाही. आपल्याकडे कागद पाहताना 'बायकांचे दुखणे' म्हणून पुरुष बाजूला होतात. इथे भावांनाही आणि मुलांनाही बोलावून बसवावे लागते. मामाला पंचेचाळिसाव्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झाला होता, ही आठवण डॉक्टरला सांगण्याजोगी आहे. ती दुसऱ्या राज्यातल्या, दुसऱ्या भाषेतल्या नातेवाइकाची असली तरी. सीमेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या आपल्या घरांत अशी माहिती अर्धी मराठीत आणि अर्धी कन्नडात पडून असते, आणि दोन्ही अर्धी कुणी एकत्र करत नाही.

शस्त्रक्रियेनंतरही आकड्यांची घाई करू नये. पोट उघडल्यानेच सीए-१२५ काही काळ वाढते, किरणोपचारांनी आतड्याला दाह झाला तरी वाढते. आधी ज्यांचा आकडा जास्त होता त्यांच्यात तो खाली येणे आणि खालीच राहणे, हे पाहण्यासारखे आहे. तेही एकाच प्रयोगशाळेतून, कारण दोन यंत्रांचे आकडे जुळतीलच असे नाही. एकदा कुकटपल्लीत, एकदा सोलापुरात आणि एकदा बिदरला रक्त दिले आणि तीन कागद शेजारी ठेवून वाढले की घटले याचा वाद घातला, तर तो वाद निरर्थक आहे. आणि ज्यांचे आधीच सामान्य होते त्यांना दर तीन महिन्यांनी हा खर्च बहुधा लागतच नाही. पुन्हा रक्त दिसणे, पोट फुगणे, ओटीपोटात सतत दुखणे, ही लक्षणे तिथे जास्त खरे बोलतात.

भाषेचा प्रश्नही आहे. कुकटपल्लीच्या तपासणीच्या खोलीत डॉक्टर तेलुगू-इंग्रजीत बोलतात, सून किंवा मुलगा दुभाष्या होतो, आणि दुभाष्या प्रेमापोटी निम्मे गाळतो. 'कॅन्सर' चे 'गड्डे' होते, 'गड्डे' ची 'सूज' होते. अक्कांना कळते ते एवढेच, की सूज आहे आणि काढायची आहे. मग पाळी गेल्यानंतर डाग नेमका कधी दिसला, बहिणीला काय झाले होते, हे प्रश्न त्यांना कुणी विचारतच नाही. डॉक्टरला कन्नड किंवा मराठी येत नसेल तर हिंदीत, दख्खनीत, बाईंशीच बोलायला सांगावे. आपल्या भागातल्या बहुतेक बायकांना दख्खनी छान समजते.

आणि एक काम, जे रुग्णालय बदलण्याआधीच करायचे असते. गावच्या नर्सिंग होममध्ये आधी बायोप्सी न करताच पिशवी काढली गेली असेल, आणि नंतर तपासणीत कॅन्सर निघाला असेल, तर हैदराबादचे, बार्शीचे किंवा कलबुर्गीचे तज्ज्ञ पहिली गोष्ट मागतात ती 'ब्लॉक'. काढलेल्या पिशवीचा तुकडा मेणात घट्ट बसवून ठोकळा करतात, त्यालाच ब्लॉक म्हणतात, आणि त्याच्या चकत्या काचेवर लावतात त्या स्लाइड्स. पी-५३ आणि त्या चार प्रथिनांच्या सगळ्या तपासण्या या ठोकळ्यातूनच होतात. तो असेल तर नव्याने काही कापावे लागत नाही. नुसता कागदी रिपोर्ट घेऊन गेल्यास निम्मी माहिती गावीच राहते. पिशवी तपासायला पाठवलीच नव्हती असे उत्तर आले, तर तेही लिहून घ्यावे. एरवी ज्या प्रयोगशाळेत तुकडा गेला तिथे रुग्णाचे नाव, तारीख आणि रिपोर्टचा क्रमांक दिला, की लेखी अर्जावर ब्लॉक आणि स्लाइड्स मिळतात. मेणाचा ठोकळा आहे. उन्हाळ्यात बसच्या खिडकीशी न ठेवता डब्यात घालून न्यावा.